कॉपी न करता फ्रेम पुढे सरकवायची कशी: ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी डीएमए-बफ

कॅमेऱ्यातून येणारी १९२० बाय १०८० ची एक फ्रेम एनव्ही१२ फॉरमॅटमध्ये (पिक्सेलला सरासरी दीड बाइट) ३१,१०,४०० बाइट्सची असते. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर साधारण ९३ एमबी. कॅमेरा ड्रायव्हरच्या बफरमधून डिस्प्ले ड्रायव्हरच्या बफरमध्ये हा माल सीपीयूने उचलून ठेवायचा म्हटलं, तर तेवढंच वाचायचं आणि तेवढंच पुन्हा लिहायचं, म्हणजे मेमरीवर दुप्पट भार. ४के आणि ६० फ्रेमवर गेलात की एका दिशेचाच हिशेब सेकंदाला ७४६ एमबीवर जातो. आणि एवढी ओझी वाहायची कशासाठी? मेमरी तीच, चिप तीच, फक्त दोन ड्रायव्हरांची एकमेकांशी ओळख नाही म्हणून.

ही ओळख करून देण्यासाठी लिनक्स कर्नलमध्ये डीएमए-बफ आहे: डीएमए, म्हणजे सीपीयूला मध्ये न घेता थेट मेमरी वाचणं-लिहिणं, करणाऱ्या ड्रायव्हरांनी एकच बफर वाटून घेण्याची सोय. सुमित सेमवाल यांनी पुढाकार घेऊन केलेलं हे काम २०१२ च्या मार्चमध्ये ३.३ आवृत्तीत आलं. आज कॅमेरा, व्हिडिओ डिकोडर, जीपीयू, डिस्प्ले यांच्यामध्ये फ्रेम फिरते ती याच वाटेने. बफर म्हणजे कर्नलच्या दृष्टीने एक फाइल, आणि यूझरस्पेसच्या, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रामांच्या, हातात असतो तिचा फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे त्या उघड्या फाइलचा क्रमांक. एका प्रोसेसकडून दुसऱ्या प्रोसेसकडे तो द्यायचा तर युनिक्स सॉकेटवरून एससीएम_राइट्सने द्यायचा, इतर कुठल्याही डिस्क्रिप्टरसारखाच.

मी कॅमेरा आणि डिस्प्ले यांच्या मधल्या जागेत काम करते. माझं मत स्पष्ट आहे: मेमरी वाटून घेणं हा यातला सोपा भाग. त्या मेमरीला कोणी कधी हात लावायचा, हे ठरवण्यात खरी मेहनत आहे, आणि बहुतेक बग तिथेच निघतात. फंक्शनांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. डीएमए-बफ.एच ही हेडर फाइल शेजारी उघडून ठेवलीत तर जोड्या लगेच जुळतील.

आधी ठरवा: मेमरी कोण देणार

मेमरी देणारा ड्रायव्हर एक्सपोर्टर, ती वापरणारा इम्पोर्टर. दोघांपैकी कोणीही कुठलीही भूमिका घेऊ शकतो, म्हणून पुष्कळ जण सवयीने डेटा जिथे जन्मतो त्याला, म्हणजे कॅमेऱ्याला, एक्सपोर्टर करून मोकळे होतात. असं करू नका. ज्या डिव्हाइसच्या अटी सगळ्यांत कडक, त्याने मेमरी द्यावी.

वरचीच फ्रेम घ्या. ४०९६ बाइट्सच्या पेजांमध्ये ती ७६० पेजं खाते. कॅमेऱ्यासमोर आयओएमएमयू (डिव्हाइससाठी मेमरीचे पत्ते बदलून देणारं हार्डवेअर) असेल तर ही ७६० पेजं रॅममध्ये कुठेही विखुरलेली चालतात, कारण डिव्हाइसला ती सलग दिसतात. डिस्प्ले कंट्रोलरसमोर आयओएमएमयू नसेल तर त्याला एकच सुरुवातीचा पत्ता देता येतो, आणि तिथून पुढे सगळी मेमरी खरोखर सलग लागते. कॅमेऱ्याने विखुरलेली पेजं एक्सपोर्ट केली तर डिस्प्लेचा ड्रायव्हर ती नाकारणार, आणि तुम्ही ईइनव्हॅल (चुकीचं इनपुट सांगणारा एरर) कुठून आला ते शोधत बसणार. डिस्प्लेने सीएमएमधून (सलग मेमरी देणारा कर्नलचा अ‍ॅलोकेटर) सलग मेमरी एक्सपोर्ट केली तर कॅमेऱ्याची काहीच तक्रार नसते.

मूळ कल्पनेत एक छान गोष्ट आहे: सगळ्या डिव्हाइसांनी आधी अटॅच करायचं, म्हणजे बफरशी जोडून घ्यायचं, एक्सपोर्टरने सगळ्यांच्या अटी बघायच्या आणि पहिल्या मॅपिंगच्या वेळी मेमरी निवडायची. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात असं वागणारे एक्सपोर्टर फार थोडे आहेत, तेव्हा त्यावर आराखडा उभा करू नका.

तिसरा रस्ता म्हणजे डीएमए-बफ हीप, यूझरस्पेसला थेट बफर देणारा कर्नलमधला अ‍ॅलोकेटर, ५.६ आवृत्तीपासून. यूझरस्पेस /डेव्ह/डीएमए_हीप खालचा हवा तो हीप उघडतं, डीएमए_हीप_आयऑक्टल_अलॉक करतं, आणि डिस्क्रिप्टर हातात येतो. अँड्रॉइडच्या जमान्यातला आयन हा अ‍ॅलोकेटर ५.११ मध्ये स्टेजिंगमधून काढून टाकला, त्याची जागा यानेच घेतली. नवीन काम सुरू करत असाल तर मी हाच रस्ता सुचवेन. दोन्ही ड्रायव्हर फक्त इम्पोर्टर राहतात, आणि एक्सपोर्टरचा सगळा कोड लिहायचा वाचतो.

आणखी एक गोष्ट आत्ताच पक्की करा. डीएमए-बफला फक्त स्वतःचा आकार माहीत असतो. रुंदी, फॉरमॅट, एका ओळीची बाइट्समधली लांबी म्हणजे स्ट्राइड, यातलं काहीही त्याच्यासोबत जात नाही. १३६६ पिक्सेल रुंदीचं चित्र ४ बाइट्स पर पिक्सेलने ओळीला ५४६४ बाइट्स होतं, पण हार्डवेअर ६४ च्या पटीत मागत असेल तर स्ट्राइड ५५०४ असतो. हे ४० बाइट्स दुसऱ्या बाजूला कळवले नाहीत तर चित्र तिरकं वाहत गेलेलं दिसतं. तिरकं चित्र दिसलं की कॅश, लॉक वगैरे काही तपासू नका, सरळ स्ट्राइड बघा.

एक्सपोर्टर लिहिताना

डिफाइन_डीएमए_बफ_एक्सपोर्ट_इन्फो या मॅक्रोने एक स्ट्रक्चर बनवा, त्यात ऑप्स (तुमच्या कॉलबॅकांची यादी), साइझ, फ्लॅग्ज आणि स्वतःच्या डेटाचा प्रिव्ह पॉइंटर भरा, आणि डीएमए_बफ_एक्सपोर्ट ला द्या. मॉड्यूलचा मालक मॅक्रो स्वतःच भरतो, त्यामुळे बफर जिवंत असताना मॉड्यूल उतरवता येत नाही. ऑप्समध्ये तीन गोष्टी दिल्याशिवाय गत्यंतर नाही: मॅप_डीएमए_बफ, अनमॅप_डीएमए_बफ आणि रिलीझ. बाकीच्या गरजेप्रमाणे.

मॅप_डीएमए_बफ मध्ये पेजांपासून नवा एसजी_टेबल (मेमरीच्या तुकड्यांची यादी) बांधायचा आणि डीएमए_मॅप_एसजीटेबल ने मॅप करायचा. इथे डिव्हाइस कोणतं द्यायचं? अटॅचमेंटमधलं, म्हणजे मागणाऱ्याचं. स्वतःचं डिव्हाइस देणारे ड्रायव्हर मी वाचले आहेत, आणि आयओएमएमयू नसलेल्या बोर्डावर ते मजेत चालतातही. आयओएमएमयू आला की प्रत्येक डिव्हाइसचं पत्त्यांचं जग वेगळं होतं. कॅमेऱ्यासाठी केलेल्या मॅपिंगचा पत्ता डिस्प्लेच्या दृष्टीने निव्वळ एक आकडा असतो, आणि त्या आकड्यावर वाचायला गेलं की फॉल्ट. म्हणून प्रत्येक अटॅचमेंटला तिचा स्वतःचा एसजी_टेबल.

पुढचा मुद्दा रेफरन्सचा, म्हणजे बफर किती जणांनी धरून ठेवलाय या मोजणीचा, आणि तो नीट वाचा. डीएमए_बफ_एफडी यशस्वी झालं की तुमच्या हातातला रेफरन्स त्या डिस्क्रिप्टरकडे गेला. त्यानंतर डीएमए_बफ_पुट करायचं नाही. अपयशी झालं तर मात्र पुट तुम्हीच करायचं. शिवाय डिस्क्रिप्टर बसवल्या क्षणापासून प्रोसेसमधला दुसरा कुठलाही थ्रेड तो आकडा बंद करू शकतो, म्हणजे डीएमए_बफ_एफडी परतल्यावर त्या बफरच्या पॉइंटरला हात लावणं धोक्याचं आहे. लागतील त्या गोष्टी आधीच वाचून घ्या, आणि एफडी हा शेवटचा टप्पा ठेवा. फ्लॅगमध्ये ओ_क्लोएक्झेक द्या, नाहीतर फोर्क-एक्झेक झालेल्या प्रत्येक प्रोसेसकडे तुमची मेमरी अडकून राहील.

प्रिव्ह ज्या मेमरीकडे बोट दाखवतो ती डेव्हएम_केझॅलॉक ने घेतलेली नको. डेव्हएमची मेमरी ड्रायव्हर अनबाइंड झाला की सुटते, आणि बफर तर दुसऱ्याच कुठल्या प्रोसेसच्या हातात अजून उघडा असू शकतो. मॉड्यूल मेमरीत टिकलं म्हणून डिव्हाइस टिकलं असं होत नाही. साधा केझॅलॉक करा आणि रिलीझमध्ये केफ्री करा.

५.१६ पासून ही सगळी फंक्शनं डीएमए_बफ नावाच्या नेमस्पेसमध्ये आहेत. मॉड्यूल_इम्पोर्ट_एनएस ची ओळ राहिली तर बिल्डच्या शेवटी मॉडपोस्ट अडवतं, आणि ६.१३ पासून ते नाव अवतरणचिन्हांत लिहावं लागतं.

इम्पोर्टर लिहिताना

क्रम ठरलेला आहे:

डीएमए_बफ_गेट, मग डीएमए_बफ_अटॅच, मग डीएमए_बफ_मॅप_अटॅचमेंट.
काम झालं की उलट: डीएमए_बफ_अनमॅप_अटॅचमेंट, डीएमए_बफ_डिटॅच, डीएमए_बफ_पुट.

दर फ्रेमला हा अख्खा क्रम चालवू नका. बफर तेच ते फिरतात, तेव्हा ओळख झाली की मॅपिंग धरून ठेवा. आयओएमएमयूची टेबलं भरणं आणि मोडणं फुकट होत नाही.

लॉकबद्दल ६.२ मध्ये नियम एकसारखे केले गेले. डीएमए_बफ_मॅप_अटॅचमेंट बोलावताना बफरचा रिझर्व्हेशन लॉक तुमच्याकडे असायला हवा. तो घ्यायचं कारण नसेल तर याच फंक्शनचं शेवटी अनलॉक्ड असलेलं रूप वापरा, ते स्वतः लॉक घेतं आणि सोडतं. एक्सपोर्टरच्या बाजूने बघाल तर मॅप, अनमॅप, व्हीमॅप हे कॉलबॅक लॉक घेतलेल्या अवस्थेत येतात, तिथे पुन्हा तोच लॉक मागितलात तर ड्रायव्हर जागच्या जागी थिजतो. अटॅच आणि रिलीझ लॉकशिवाय येतात. जुन्या ड्रायव्हरचा कोड उचलून नव्या कर्नलवर आणताना सगळ्यांत आधी हेच तपासा.

मिळालेल्या एसजी_टेबलमधून फक्त डीएमएचे पत्ते आणि लांब्या वाचायच्या: फॉर_ईच_एसजीटेबल_डीएमए_एसजी ने फिरा, एसजी_डीएमए_अ‍ॅड्रेस आणि एसजी_डीएमए_लेन घ्या. त्यातल्या स्ट्रक्ट पेजकडे बघायचंही नाही. एक्सपोर्टरची मेमरी ग्राफिक्स कार्डावरची असू शकते, तिला पेज असेलच असं नाही. कॉन्फिग_डीएमएबफ_डीबग चालू असेल तर कर्नल हे पेजचे दुवे मुद्दाम बिघडवून देतं, म्हणजे नियम मोडणारा ड्रायव्हर तुमच्या टेबलावरच कोसळतो. विकासाच्या काळात हा पर्याय कायम चालू असू द्या.

सलग पत्ता हवा असलेल्या इम्पोर्टरने एक तुकडा आला की नाही हे तपासावं. आयओएमएमयू असूनही अनेक तुकडे येत असतील तर डीएमए_सेट_मॅक्स_सेग_साइझ बघा. ड्रायव्हरने काही सांगितलं नाही तर तुकड्याची कमाल लांबी ६४ केबी धरली जाते, आणि तुमची ३१ लाख बाइट्सची फ्रेम त्यात बसणार नाही.

सीपीयूला बफर वाचायचा किंवा लिहायचा असेल तर

समजा फ्रेमवर सीपीयूने तारीख-वेळ उमटवायची आहे. यूझरस्पेसने बफर एमएमॅप केला, अक्षरं लिहिली, आणि डिस्प्लेला दिला. पडद्यावर अक्षरांच्या जागी अधूनमधून आडव्या, एक पिक्सेल उंचीच्या आखूड रेघा दिसतात आणि त्यात मागच्या फ्रेमचे रंग असतात. रेघेची लांबी मोजा. १६ पिक्सेल किंवा त्याच्या पटीत भरली, आणि पिक्सेल ४ बाइट्सचा असला, तर ६४ बाइट्सची कॅश लाइन सापडली. सीपीयूने लिहिलेलं अजून कॅशमध्ये आहे आणि डिस्प्लेने रॅममधलं जुनं उचललं. थोडा वेळ थांबलात तर कॅश आपोआप रिकामी होते आणि रेघा नाहीशा होतात, म्हणून बग दाखवायला कोणाला बोलवावं तर चित्र नेमकं स्वच्छ. एक्स८६ वर हार्डवेअर बहुतेक वेळा ही काळजी स्वतः घेतं. तिथे चाललेला कोड एआरएम बोर्डावर आणला की या रेघा उगवतात.

उपाय नेमका आहे. यूझरस्पेसने लिहिण्याआधी डीएमए_बफ_आयऑक्टल_सिंक ला स्टार्ट आणि राइट हे फ्लॅग द्यायचे, लिहून झाल्यावर एंड आणि राइट. वाचायचं असेल तर रीड. ही हाक ईअगेन किंवा ईइंटर देऊन परत येऊ शकते, तेव्हा ती लूपमध्ये ठेवा. नुसती एकदा मारून पुढे गेलात तर कधीतरी सिग्नल आलेल्या क्षणी सिंक झालेलंच नसेल.

एक्सपोर्टरच्या बाजूला याचं रूप बिगिन_सीपीयू_अ‍ॅक्सेस आणि एंड_सीपीयू_अ‍ॅक्सेस. त्यात मॅप झालेल्या प्रत्येक अटॅचमेंटवर डीएमए_सिंक_एसजीटेबल_फॉर_सीपीयू, आणि शेवटी फॉर_डिव्हाइस. त्यासाठी अटॅचमेंटची यादी स्वतः सांभाळावी लागते. सिस्टम हीपचा कोड छोटा आहे, आणि ही यादी कशी ठेवावी हे शिकायला त्याहून चांगली जागा मला माहीत नाही.

पाळी कोणाची

कॅमेरा आणि डिस्प्ले एवढेच दोघे असतील तर फेन्सशिवाय (काम संपल्याची खूण, ती पुढे येते) भागतं. व्हिडिओच्या बाजूने व्ही४एल२ मध्ये, म्हणजे कर्नलच्या व्हिडिओ विभागात, बफर डीक्यूबफ झाला (रांगेतून परत आला) याचा अर्थ फ्रेम पूर्ण भरली. तो डिस्प्लेला द्या. परत कधी घ्यायचा, हा प्रश्न आहे. बफर ए पडद्यावर आहे, तुम्ही बी साठी पेज फ्लिप (पडद्यावरचा बफर बदलण्याची विनंती) पाठवलं. फ्लिप पाठवलं म्हणून ए मोकळा झाला असं समजून तो लगेच कॅमेऱ्याला क्यूबफ केलात (पुन्हा रांगेत लावलात), तर पुढच्या व्हीब्लँकपर्यंत (दोन फ्रेमांमधली मोकळी वेळ), म्हणजे ६० हर्ट्झवर जास्तीत जास्त १६.७ मिलिसेकंद, पडदा ए च वाचत असतो आणि कॅमेरा त्याच्यावरच लिहीत असतो. चित्र मधून फाटतं. बी च्या फ्लिपचा इव्हेंट आला की ए मोकळा, त्याआधी नाही. याच हिशेबाने बफर किती हवेत तेही ठरतं: एक पडद्यावर, एक फ्लिपच्या प्रतीक्षेत, एक कॅमेरा भरतोय, एक त्याच्या रांगेत. चारपेक्षा कमीवर ओढाताण होते.

जीपीयू मध्ये आला की चित्र बदलतं, कारण जीपीयूला काम देणारा प्रोग्राम काम संपायच्या आधीच बफर पुढे सरकवतो. मग बफरसोबत एक वचन जातं, 'हे लिहिणं अमुक काम संपलं की पुरं होईल.' हे वचन म्हणजे डीएमए_फेन्स, आणि ती ठेवायची जागा म्हणजे बफरची डीएमए_रेझ्व्ह. वरचा रिझर्व्हेशन लॉक याचाच.

तुमचं डिव्हाइस बफरमध्ये लिहिणार असेल तर लॉक घ्या, डीएमए_रेझ्व्ह_रिझर्व्ह_फेन्सेस ने जागा राखून ठेवा, मग काम हार्डवेअरकडे द्या आणि डीएमए_रेझ्व्ह_अ‍ॅड_फेन्स करा. जागा राखण्याला मेमरी लागते, ते फसू शकतं. फेन्स घालणं मात्र फसत नाही. परत फिरण्याची सोय राहावी म्हणून हे दोन टप्पे वेगळे केले आहेत. वापराचा प्रकार खरा सांगा: लिहिणार तर राइट, नुसतं वाचणार तर रीड. वाचणाऱ्याला फक्त लिहिणाऱ्यांसाठी थांबावं लागतं, लिहिणाऱ्याला सगळ्यांसाठी. सगळीकडे राइट ठोकून दिलंत तर काही मोडणार नाही, पण एकाच फ्रेमचे दोन वाचक विनाकारण एकामागे एक उभे राहतील. एकाच वेळी अनेक बफरांचे लॉक लागत असतील तर डब्ल्यूडब्ल्यू_म्यूटेक्सचा (अनेक लॉक एकत्र घेण्याची कर्नलची सोय) संदर्भ वापरा, आणि ईडेडलॉक आला की हातातले सगळे सोडून पुन्हा सुरुवात करा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. फेन्स एकदा बाहेर दिली की ती ठरावीक काळात सिग्नल झालीच पाहिजे, हार्डवेअर अडकलं तरीही. टायमर ठेवा, वेळ गेला की डिव्हाइस रीसेट करा, डीएमए_फेन्स_सेट_एरर ने चूक नोंदवा आणि सिग्नल करा. चुकीचं उत्तर देणारी फेन्स चालते, उत्तरच न देणारी सगळ्यांना घेऊन बुडते.

फेन्स सिग्नल होण्याच्या वाटेवर जीएफपी_कर्नल ने (मेमरी मिळेपर्यंत थांबू देणारा फ्लॅग) मेमरी मागायची नाही, हा नियमही त्यातलाच. कसं अडकतं ते बघा. तुमचं इंटरप्टनंतरचं काम वर्कक्यूवर गेलं, तिथे त्याने छोटंसं केमॅलॉक केलं. मेमरी कमी आहे, म्हणून कर्नल जुनी पेजं सोडवायला निघालं. सोडवता सोडवता जीपीयूच्या ड्रायव्हरपाशी पोचलं, त्याचा बफर मोकळा करायचा तर त्यावरची फेन्स संपायला हवी. ती फेन्स तुमचीच. तुम्ही मेमरीसाठी थांबलात, मेमरी तुमच्यासाठी. चाचणीत मेमरी भरपूर असते, त्यामुळे हे महिनोन्‌महिने दिसत नाही. म्हणून सिग्नलच्या वाटेभोवती डीएमए_फेन्स_बिगिन_सिग्नलिंग आणि एंड_सिग्नलिंग लावा. हे ५.९ पासून आहे, आणि लॉकडेप (लॉकांच्या चुका शोधणारी कर्नलची तपासणी) चालू असेल तर मेमरी कमी न पडताही चूक दाखवून देतं.

डिस्प्ले ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचं इथलं काम बरंचसं झालेलं असतं: डीआरएमचा, म्हणजे कर्नलच्या ग्राफिक्स-डिस्प्ले विभागाचा, डीआरएम_जेम_प्लेन_हेल्पर_प्रिपेअर_एफबी बफरवरची लिहिण्याची फेन्स उचलून फ्लिपला जोडतो. यूझरस्पेसला स्वतः थांबायचं असेल तर डिस्क्रिप्टरवर पोल करता येतं: पोलइन म्हणजे लिहिणारे संपेपर्यंत, पोलआउट म्हणजे सगळे संपेपर्यंत. व्हल्कनसारख्या उघड सिंक वापरणाऱ्या कोडसाठी ६.० पासून बफरमधून सिंक फाइल काढणं आणि त्यात घालणं, दोन्ही आयऑक्टल आहेत.

बफर जागेवरून हलवणारे एक्सपोर्टर, मूव्ह_नोटिफाय, पीअर-टू-पीअर, हे ग्राफिक्स कार्डांच्या मेमरीचे विषय. पीसीआय कार्डाशी संबंध नसेल तर आत्ता त्यात शिरू नका.

हार्डवेअरशिवाय सराव आणि तपास

बोर्ड हातात नसेल तर व्हिव्हिड हा आभासी व्हिडिओ ड्रायव्हर आणि व्हीकेएमएस हा आभासी डिस्प्ले, दोन्ही मॉडप्रोब करा. व्हिव्हिडवर व्हिडिओसी_एक्सपीबफ ने डिस्क्रिप्टर काढा, व्हीकेएमएसमध्ये प्राइम_एफडी_टू_हँडल ने घ्या. दोघेही सीपीयूवर चालतात, त्यामुळे कॅशच्या रेघा तिथे दिसणार नाहीत, पण डिस्क्रिप्टर, स्ट्राइड आणि फ्लिपची शिस्त सगळी अंगवळणी पडते. स्वतःचा इम्पोर्टर तपासायला यूडीएमएबफ (साध्या मेमरीतून डीएमए-बफ बनवणारा ड्रायव्हर) उत्तम. मेमएफडी (मेमरीतली निनावी फाइल) बनवा, त्यावर एफ_सील_श्रिंक लावा, एफ_सील_राइट लावू नका, आकार पेजच्या पटीत ठेवा. ३१,१०,४०० दिलेत तर ईइनव्हॅल मिळेल, ३१,१२,९६० द्या.

शेवटी गळती. डीबगएफएसमध्ये (कर्नलची तपासासाठीची फाइल सिस्टम) डीएमए_बफ या फोल्डरात बफइन्फो नावाची फाइल आहे. प्रत्येक जिवंत बफरचा आकार, रेफरन्सची संख्या, एक्सपोर्टरचं नाव आणि जोडलेली डिव्हाइसं तिथे दिसतात. डीएमए_बफ_सेट_नेम ने बफरांना नावं दिली असतील तर तीही. प्रोग्राम चालवा, बंद करा, फाइल वाचा, पुन्हा चालवा. प्रोग्राम बंद असताना बफर उरला असेल तर त्याच्यापुढची डिव्हाइसांची यादी बघा. यादीत डिव्हाइस आहे म्हणजे डिटॅच राहिलं, तो इम्पोर्टरचा विषय. यादी रिकामी पण संख्या शून्यावर आलेली नाही, तर कोणाचा तरी पुट राहिला, आणि प्रत्येक प्रोसेसच्या एफडीइन्फोमध्ये शोधूनही डिस्क्रिप्टर सापडला नाही तर तो पुट कर्नलमध्ये राहिला आहे. तेव्हा गेट आणि एक्सपोर्टनंतरच्या चुकीच्या वाटा, म्हणजे गोटू लेबलं, वरून खाली एकेक करून वाचा.